चुरस चढावर असावी, सिग्नलवर नको

रोज ठरलेल्या वेळी सायकलने कामाला जाणाऱ्या माणसाला दोन-तीन आठवड्यांत काही पाठी ओळखीच्या होतात. कॅरियरला दोन्ही बाजूंनी पिशव्या लावलेली एक, मडगार्ड खडखडवत जाणारी एक, वाकड्या हँडलच्या हलक्या सायकलवर वाकून बसलेली एक. नाव माहीत नसतं, बोलणं झालेलं नसतं. पण ती पाठ पुलाच्या अलीकडे दिसली की आपण वेळेत आहोत आणि पुलापलीकडे दिसली की उशीर झालाय, एवढा हिशेब डोक्यात पक्का बसतो. मग एखाद्या सकाळी ती पाठ शंभर मीटरवर दिसते आणि पाय आपोआप जोर धरतात. समोरच्यालाही मागून चेनचा आवाज येतो, तोही एक गियर वाढवतो. पुढच्या चौकात दोघं एकमेकांकडे बघून मान हलवतात आणि आपापल्या रस्त्याला लागतात. रोजच्या वाटेवरची चुरस म्हणजे एवढंच.

या चुरशीबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एखाद्या सायकलस्वाराने पादचाऱ्याला धक्का दिला की ‘रस्ता म्हणजे शर्यतीचं मैदान आहे का’ असा सवाल येतो. सायकल मार्गांवर गतिरोधक घाला, वेगमर्यादेच्या पाट्या लावा, शर्यत लावणाऱ्यांना दंड करा, अशा मागण्या होतात. दुसरीकडे काही सायकलवाले म्हणतात की कुणाशी तरी स्पर्धा केल्याशिवाय दम वाढत नाही, लोकांनी बाजूला व्हायला शिकावं. दोन्ही मतं चुकीची आहेत असं आम्ही मानतो, आणि दोन्हींचं चुकण्याचं कारण एकच आहे. चुरस म्हणजे वेग, असं दोघांनीही धरून ठेवलंय. चुरशीत खरा आनंद कष्टाचा असतो आणि खरा धोका वेगाचा. कष्ट आणि वेग नेहमी एकत्र येत नाहीत. ते जिथे वेगळे होतात तिथे चुरस न्यावी.

आधी चुरस हवीच कशाला, ते बघू. १८९८ मध्ये अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट यांनी सायकल शर्यतींच्या नोंदी घेऊन एक निबंध प्रसिद्ध केला. एकटा घड्याळाशी झुंजणारा सायकलस्वार, पुढे कुणीतरी वेग धरून दिलेला सायकलस्वार आणि प्रत्यक्ष स्पर्धेतला सायकलस्वार, अशा तिघांच्या वेळा त्यांनी ताडून पाहिल्या. एकटा सर्वांत हळू निघाला. सामाजिक मानसशास्त्राच्या सुरुवातीच्या प्रयोगांमध्ये आजही या कामाचं नाव घेतलं जातं. पुढच्या सायकलचा वाऱ्याला होणारा आडोसा हे एक कारण त्यांनी विचारात घेतलं, आणि वेग धरायची चिंता पुढच्यावर पडते, मागचा मोकळ्या डोक्याने पाय मारतो, हेही. मग वाऱ्याचा प्रश्नच राहू नये म्हणून त्यांनी ४० मुलांना गळाच्या रिळावर दोरा गुंडाळायला लावलं, एकदा एकट्याने आणि एकदा दुसऱ्याच्या जोडीने. निम्म्या मुलांचा वेग जोडीने वाढला. १० जणांना फारसा फरक पडला नाही. आणि १० जण जोडीदार दिसताच इतके इरेला पेटले की त्यांच्या हाताची लय बिघडली. प्रयोगाचा हा शेवटचा भाग सहसा सांगितला जात नाही, पण आपल्या विषयाला तोच सगळ्यात जवळचा आहे. सोबतीला कुणी असलं की जोर चढतो हे खरं, आणि काहींचं भान सुटतं हेही तितकंच खरं.

जोर चढण्याचं मोल रोजच्या सायकलस्वाराला जास्त कळतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम कष्टाचा व्यायाम सांगते. ८ किलोमीटरची वाट ताशी २० किलोमीटरने २४ मिनिटांत होते. जाऊन-येऊन पाच दिवस केली तर २४० मिनिटं. म्हणजे व्यायामाचा प्रश्न वाटेतच सुटला, फक्त पाचही दिवस सायकल बाहेर निघाली पाहिजे. आणि नेमकं तेच अवघड असतं. सुरुवातीचा उत्साह ओसरला, सकाळी वारा समोरून असला, रात्री झोप कमी झाली की सायकल भिंतीला टेकलेली राहते. अशा सकाळी तब्येतीची आकडेवारी कुणाला बाहेर काढत नाही. पुलावर ती पाठ दिसेल, हे मात्र काढतं. चुरस मोडून काढायला निघालेल्यांनी हा विचार करावा. माणूस सायकलवर टिकून राहण्याची जी थोडीफार फुकटची कारणं आहेत त्यातलं हे एक आहे.

आता वेगाचा हिशेब. सायकल, माणूस आणि पिशवी मिळून ९० किलो, बसण्याची पद्धत ताठ, रस्ता सपाट, वारा पडलेला, असं धरू. ताशी २० किलोमीटर वेग राखायला साधारण ८० वॅट लागतात. २५ ला १३५ ते १४०. ३० ला जवळपास २२०. वेग दीडपट झाला आणि कष्ट पावणेतीनपट झाले, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी शक्ती घनाने. म्हणून सपाटीवर दोन सायकलस्वारांत ताशी दोन किलोमीटरचा फरक दिसला तरी तो मोठा असतो. पण बहुतेक वेळा तो दमाचा नसतो. कुणाचं हँडल खाली आहे, कुणाचं जॅकेट वाऱ्याने फुगलंय, कुणाच्या टायरमध्ये हवा कमी आहे, यातच तो विरघळतो. ३२ मिलिमीटरच्या टायरमध्ये हवेचा दाब ६० पीएसआयऐवजी ३० असेल तर चांगल्या दमाचा माणूसही मागे पडतो, वर खड्ड्यात रिम ट्यूबला चावून शेजारी-शेजारी दोन भोकं पाडते ते वेगळंच. सपाटीवर जिंकणारा बऱ्याचदा पंपामुळे जिंकलेला असतो.

आणि इतकं करून वेळ किती वाचतो? ८ किलोमीटर ताशी २२ ने कापायला पावणेबावीस मिनिटं लागतात, २७ ने पावणेअठरा. कागदावर चार मिनिटं. पण वाटेत दहा सिग्नल असले की लवकर पोचणारा लाल दिव्यापाशी जास्त थांबतो आणि मागचा हिरवा होता होता येऊन भिडतो. शहरातली चुरस सिग्नलशी येऊन शून्यावर येते. यात निराश होण्यासारखं काही नाही, रोज पुन्हा सुरू होणारा खेळ असाच असतो. खरी गफलत पुढे होते. चार मिनिटं हातात येत नाहीत म्हटल्यावर काहीजण ती सिग्नलवरच कमवायला बघतात. पिवळ्यात घुसणं, लाल असताना पादचाऱ्यांच्या मधून वाट काढणं, हिरवा व्हायच्या आधीच निघणं. या २० सेकंदांत दम वाढत नाही, पाय बळकट होत नाहीत, कौशल्यही लागत नाही. सिग्नल तोडून पुढे गेलेला माणूस चुरस जिंकत नाही, तो त्या दिवसापुरता चुरशीतून बाहेर पडतो. जे नियमाने थांबले त्यांच्यात ती पुढे चालू राहते. हा नियम सायकलस्वारांनी आपापसात कडक पाळावा, कारण बाहेरून येणाऱ्या प्रत्येक बंदीच्या मागणीचं मूळ इथेच असतं.

सिग्नल हिरवा झाल्यावर उसळी मारून निघण्यातही फार जण फसतात, आणि तिथे काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. ७५ किलोचा माणूस सीटवरून उठून सगळं वजन आडव्या आलेल्या पॅडलवर टाकतो. १७० मिलिमीटरचा क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, आणि पुढे ४४ दात्यांची चकती असेल तर त्या क्षणी चेनवर सुमारे १४० किलोचा ताण येतो, स्वतःच्या वजनाच्या जवळपास दुप्पट. चेन झिजलेली असेल तर ती मागच्या दात्यांवर नीट बसलेली नसते, दात्यांच्या शेंड्याकडे सरकलेली असते. ताण आला की ती एक दाता उडी मारते. पॅडल एकदम रिकामं खाली जातं. वजन सगळं पुढे झुकलेलं असतं, त्यामुळे गुडघा हँडलला लागतो किंवा माणूस मधल्या दांड्यावर आदळतो, आणि मागून वीस-पंचवीस वाहनं नुकतीच सुटलेली असतात. संथ चालवताना हीच चेन महिनोन्‌महिने कुरकुर करत नाही. म्हणून चुरशीची हौस असणाऱ्याने चेन मोजायला शिकलंच पाहिजे. पोलादी पट्टी घ्यावी, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवावं आणि २४ कड्या सोडून पुढच्या पिनेचा मध्य बघावा. नव्या चेनमध्ये हे अंतर ३०४.८ मिलिमीटर असतं. ३०६.३ च्या आसपास गेलं म्हणजे अर्धा टक्का झिजली, मागे दहा-अकरा गियरची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, असेल तर ती तेव्हाच बदलावी. ३०७.८ च्या पुढे गेली तर मागचे दातेही तिच्या मापाने झिजलेले असतात. मग फक्त नवी चेन घातली की ती जुन्या दात्यांवर आणखी उडते आणि लोक नव्या चेनला दोष देतात. एका गियरच्या सायकलला हा त्रास कमी, पण तिथे चेनचं ढिलेपण बघावं. मध्यभागी बोटाने वर-खाली केली की एक ते दीड सेंटिमीटर हलावी, त्याहून जास्त हलली तर ती उतरू शकते.

चेन नवी असली तरी थांब्यावरून निघण्याची रीत वेगळीच हवी. थांबायच्या आधी, चाक फिरत असतानाच, दोन-तीन गियर हलके करावेत. एक पाय जमिनीवर, दुसऱ्या पायाखालचं पॅडल घड्याळात दोनचा काटा असतो तितकं वर. निघताना सीटवर बसूनच पहिले चार-पाच फेरे मारावेत आणि मग गियर वाढवत जावं. उभं राहून सहा सेकंदांत २५ चा वेग गाठायचा तर नुसतं वजन ढकलायलाच सरासरी ३६० वॅट जातात, हवेचा रोध वेगळा. दहा सिग्नलला असं केलं की कामावर पोचेपर्यंत मांड्या भरून येतात आणि संध्याकाळच्या चढासाठी काही उरत नाही.

थांबण्याचं अंतर हा त्याहून गंभीर भाग. समोर काहीतरी आलं हे कळून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असं धरलं, आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने सायकल थांबवली, तर २० च्या वेगाला सुमारे साडेनऊ मीटर लागतात, २५ ला १३, ३० ला १७. रिमला चिकटणारे ब्रेक असतील आणि पाऊस असेल तर ही अंतरं तशी राहत नाहीत. ब्रेकच्या पॅडला आधी रिमवरचं पाणी पुसावं लागतं. चाकाचा एक फेरा म्हणजे दोन मीटरहून थोडा जास्त, आणि असे दोन-तीन फेरे नुसते पाणी पुसण्यात जाऊ शकतात. ओल्या रस्त्यावरचे रंगाचे पट्टे, लोखंडी झाकणं आणि रुळावर तर टायर धरतच नाही. ओल्या दिवशी चुरस सोडून द्यावी, इथे दुसरा विचार नको. पॅडवर आडव्या खाचा असतात, त्या दिसेनाशा झाल्या की पॅड बदलावेत. डिस्क ब्रेकच्या पॅडवर घासणारा थर एक मिलिमीटरच्या खाली गेला की ते संपले समजावं.

कुणाच्या मागच्या चाकाला चिकटून जाण्याचा मोह दम लागलेल्या प्रत्येकाला होतो, कारण अर्ध्या-एक मीटरवरून मागे राहिलं की हवेचा रोध स्पष्टपणे कमी होतो. सराव केलेला गट ठरवून हे करतो तेव्हा पुढचा हाताने खड्डा दाखवतो, ब्रेक मारण्याआधी ओरडतो. अनोळखी माणूस यातलं काही करत नाही, कारण मागे कुणी आहे हेच त्याला माहीत नसतं. त्यात बाजूने पुढे जायच्या नादात आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बगलेत आलं की धोका पुरा होतो. सायकल उभी राहते ती हँडल सतत थोडं थोडं इकडे-तिकडे वळत असतं म्हणून. ज्या बाजूला कल जातो त्या बाजूला हँडल वळतं आणि चाक पुन्हा वजनाखाली येतं. पुढच्याने जरा जागा बदलली आणि त्याचं चाक आपल्या चाकाला लागलं की त्या बाजूचं वळणं बंद होतं. घाबरून माणूस हँडल उलट्या बाजूला ओढतो, त्याने अंग आणखीच त्या चाकाकडे झुकतं आणि मागचा पडतो. पुढच्याला बहुतेक वेळा नुसता हिसका बसतो, कारण मागचं चाक वळणारं नसतंच. तेव्हा एकतर तीन-चार मीटर मागे राहावं, नाहीतर घंटी वाजवून, हातभर नव्हे चांगलं मीटरभर अंतर ठेवून, एका दमात पुढे निघून जावं. पुढे गेल्यावर लगेच वेग कमी करणं हा सगळ्यात वाईट शिष्टाचार. पुढे जायचं असेल तर तो वेग पुढची दोन-तीनशे मीटर टिकवता येईल का, हे आधी ठरवावं.

मोठ्या ट्रकच्या किंवा बसच्या आतल्या बाजूने सरकून सिग्नलला पुढे जाण्याबद्दल थोडक्यात: करूच नये. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात आणि त्या पट्ट्यात असलेला सायकलस्वार चालकाला दिसत नाही. तिथे दोघांपैकी मागे राहिलेला शहाणा.

मग चुरस करायची कुठे? चढावर. ५ टक्के चढावर ताशी १२ किलोमीटर वेग राखायला तेच ९० किलोचं ओझं साधारण १७५ वॅट मागतं. सपाटीवर एवढ्याच कष्टात वेग साडेसत्तावीसच्या आसपास जातो. छातीतला भाता तितकाच चालतो, पाय तितकेच पेटतात. फरक थांबण्यात आहे. साडेसत्तावीसच्या वेगाला पंधरा मीटर लागतात, चढावर बाराच्या वेगाला पाचसुद्धा पुरतात. शिवाय त्या वेगात हवेचा रोध नगण्य असतो, म्हणजे खाली वाकलेलं हँडल आणि चापून बसणारे कपडे यांचा फायदा जवळपास संपतो. मागे आडोशाला राहण्याचाही फायदा संपतो, म्हणून चाकाला चिकटायचं कारणच उरत नाही. माणसाचा दम आणि वजन यांचाच सामना होतो. चढावरची चुरस जास्त सुरक्षित आहे तशीच जास्त प्रामाणिकही आहे.

समोरून येणारा वारा हा सपाटीवरचा चढच समजावा. ताशी १५ किलोमीटरचा वारा तोंडावर असताना २० चा वेग राखायला लागणारी शक्ती, वारा नसताना २८ ला लागते तितकी भरते. वाऱ्याच्या दिवशी जोर लावावा, वारा पाठीवर असेल तेव्हा मोकळं चालवावं. लोक नेमकं उलटं करतात, पाठीवरच्या वाऱ्यात वेगाचा आकडा बघून खूश होतात. आणि उतारावर चुरस अजिबात नको. ५ टक्के उतारावर पॅडल न मारताही सायकल चाळीसच्या आसपास जाते. थांबायला तीस मीटर लागतील, आणि कष्ट मात्र शून्य. कमावण्यासारखं काही नाही आणि गमावण्यासारखं सगळं आहे.

चढावर नव्या माणसाची चूक ठरलेली असते. खाली जोर असतो म्हणून तो जड गियरवर निघतो, मध्यावर पाय अडकल्यासारखे होतात, मग ताणाखालीच गियर बदलतो आणि चेन कडकडते किंवा उतरते. चढ सुरू होण्याआधी, पाय हलके असतानाच, गियर खाली आणावा. मिनिटाला ७० ते ८० फेरे पडतील इतपत हलका. पहिला तिसरा भाग समोरचा पुढे गेला तरी जाऊ द्यावा. दम लागतोय पण दोन-चार शब्द बोलता येतायत, इतक्यावर ठेवावं. शेवटच्या तिसऱ्या भागात एक गियर वाढवावा. जो खालून उसळून निघाला होता तो इथे सापडतो. सीट खाली असेल तर हे काही जमणार नाही. पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. सीट दोन बोटं खाली ठेवून वर्षानुवर्षं चालवणारे कितीतरी जण आहेत आणि गुडघा दुखतो म्हणून सायकल सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं.

आता या सगळ्यातला सगळ्यात नाजूक मुद्दा. दुसऱ्याला खेळायचंय का? अनोळखी माणसाशी चुरस लावताना त्याची संमती घेतलेली नसते. म्हणून चुरस अशी असावी की समोरच्याला तिचा पत्ता नसला तरी त्याचं काही बिघडू नये. लांबून पाठ बघून जोर लावला, नीट अंतर ठेवून पुढे गेलो, इथपर्यंत कुणाचं काही जात नाही. पण एकटी जाणारी बाई असेल आणि मागून कुणी तिच्याच वेगाने, तिच्याच अंतराने, वळणा-वळणाला येत असेल, तर मागच्याच्या मनात खेळ असला तरी तिच्या मनात भीती असते. तिला ती भीती वाटणं रास्त आहे आणि ती दूर करण्याची जबाबदारी मागच्याची आहे. एकतर पुढे जावं, नाहीतर इतकं मागे पडावं की पाठलाग वाटू नये. बाईने पुढे टाकलं म्हणून इरेला पेटून तिला गाठणारे आहेत, तेही थांबलं पाहिजे. यात कसला खेळ नाही. मूल, वयस्कर माणूस, सामानाने लादलेली सायकल, हात डगमगणारा नवशिका, यांना तर चुरशीत धरूच नये. ताशी बाराच्या खाली सायकल जास्त डोलते, म्हणजे हळू जाणाऱ्याला जास्त जागा लागते. आणि घाईतला माणूस त्यालाच सगळ्यात कमी जागा देतो.

विजेवर चालणाऱ्या सायकलींमुळे चुरस बिघडली अशी तक्रार असते. ती फार खरी नाही. युरोपीय संघाच्या नियमात सायकल म्हणून धरल्या जाणाऱ्या अशा वाहनाची मोटर २५० वॅटपर्यंतची असते आणि मदत ताशी २५ ला बंद होते. त्याच्या वर सगळं वजन माणसाच्या पायावर. त्यामुळे सपाटीवर २६ टिकवणारा साधा सायकलस्वार तिला मागे टाकू शकतो. चढावर मोटर जिंकणार हे उघड आहे, तिथे तिला शांतपणे जाऊ द्यावं. मोटर लावून का होईना, जो माणूस मोटारगाडी घरी ठेवून आला तो आपल्याच बाजूचा आहे.

ॲपवरच्या चुरशीबद्दल मात्र कडक बोलायला हवं. २००९ मध्ये सुरू झालेल्या स्ट्राव्हासारख्या, सायकलफेऱ्या नोंदवणाऱ्या ॲपमध्ये रस्त्याचा एखादा तुकडा ठरवून त्यावर कुणाची वेळ सगळ्यात कमी याची यादी लागते. इथे समोर पाठ नसते, मान हलवणं नसतं, फक्त सेकंद असतात. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीच्या एका उतारावर अशाच एका विक्रमाच्या मागे असताना एक सायकलस्वार अपघातात गेला. त्याच्या कुटुंबाने ॲपवर केलेला दावा २०१३ मध्ये फेटाळला गेला. कायद्याने जबाबदारी चालवणाऱ्याची ठरली. ती आहेच. पण असा तुकडा धोकादायक म्हणून नोंदवायची सोय ॲपमध्ये असते आणि तशी नोंद झाली की त्यावरची यादी दिसत नाही. ती सोय सायकलस्वारांनी स्वतःहून वापरावी. शाळेपुढचा तुकडा, पादचाऱ्यांसोबतचा मार्ग, सिग्नल असलेला तुकडा आणि प्रत्येक उतार नोंदवून टाकावा. चढ राहू द्यावेत. कामाच्या ठिकाणच्या गटांनी यादी लावायचीच असेल तर महिन्यात किती दिवस सायकल आली याची लावावी. ती चुरसही जोरदार होते आणि तिच्यात मागे पडणारा सिग्नल तोडून पुढे येऊ शकत नाही.

राहिला प्रश्न रस्ता बांधणाऱ्यांचा, कारण उपदेशाने जेवढं होणार नाही तेवढं रुंदीने होतं. सायकलचं हँडल साठ-पासष्ट सेंटिमीटर, दोन्हीकडे डोलायला वीस-वीस सेंटिमीटर, म्हणजे एका सायकलस्वाराला साधारण एक मीटर. दुसऱ्याने पुढे जायचं तर दोन मीटर, आणि कडेला दगडी काठ असेल तर त्यापासून थोडं लांब राहायची जागा वेगळी. सव्वा मीटरचा मार्ग आखून त्यावर ‘शर्यत लावू नये’ अशी पाटी लावणं हा अन्याय आहे. तिथे साधं पुढे जायचं तरी पदपथावर चढावं लागतं किंवा मोटारींत उतरावं लागतं. गतिरोधकही नकोत. ते चपळाला अडवत नाहीत, तो उभा राहून ओलांडतो. पडतात ते सामान लादलेले आणि नवशिके.

वेग आवरायचा चांगला मार्ग कोपनहेगनने दाखवलाय. तिथल्या नोरब्रोगेड रस्त्यावर सायकलच्या ताशी २० किलोमीटर वेगाला जुळतील असे सिग्नल लावले, सकाळी शहराकडे येणाऱ्यांना आणि संध्याकाळी परतणाऱ्यांना. विसाने चाललात तर एकामागून एक हिरवे मिळतात, तिसाने गेलात तर प्रत्येक लाल दिव्याशी थांबता. पाटी नाही, दंड नाही, आणि घाईचा फायदाच संपला. सपाट रस्त्यासाठी हाच उपाय मागायला हवा, आणि मागण्यात पुढाकार चुरस आवडणाऱ्यांनी घ्यायला हवा.

चढावर मात्र रुंदी मागावी. अरुंद रस्त्यावर सायकलसाठी एकाच बाजूला जागा निघत असेल तर ती चढणाऱ्या बाजूला द्यावी. उतरणारी सायकल मोटारींच्या वेगाच्या जवळ असते, ती त्यांच्यात मिसळू शकते. चढणारी दहा-बाराने जाते, डोलते, आणि मागून येणारी प्रत्येक गाडी तिला घासून जायला बघते. तिथे दोन मीटरचा सलग पट्टा मिळाला तर दमलेला एका कडेने सावकाश चढेल, आणि ज्यांना एकमेकांना गाठायचंय ते दुसऱ्या कडेने, कुणालाही न ढकलता, गाठतील.